देणगीदारांची पाटी

८ जानेवारी

नगरपालिकेने हिशेब परत पाठवला. सतरा वर्षं मी या संस्थेची खजिनदार आहे, आजवर माझ्या हिशेबातलं एक टिंबसुद्धा कुणी खोडलं नाही. आणि आता कालचं पोर त्या खुर्चीवर बसून लिहितं की "बेटांवरून आलेला शिधा" या ओळीसमोर रक्कम नाही. रक्कम कुठून असणार? बेटावरच्या माणसांना इस्पितळात यायचं असलं की ती इथे आचाओला आमच्या संस्थेच्या घरात उतरतात. आम्ही पलंग देतो, चूल पेटती ठेवतो, पैसा घेत नाही. पुढच्या खेपेला ती मागच्या दाराने काहीतरी आणून ठेवतात. बटाटे, लाकूड, लोकर, शिंपले, ज्याच्या घरी जे असेल ते. आणलेलं ती दाखवत नाहीत आणि मी बघत नाही. आमच्याकडे डुक्कर कापलं की शेजाऱ्यांकडे ताट जातं, शेजाऱ्याने कापलं की आपल्याकडे ताट येतं. त्यात कधी कुणी तराजू आणलाय?

एर्नाल्दो मान्सिया संध्याकाळी तो कागद घेऊन आला. तो आमचा अध्यक्ष. जन्मभर लाँच चालवली, त्यामुळे बाजूला इंजिन धडधडत असल्यासारखाच बोलतो. मी माते भरून दिला, नेहमीचा कडू पाल्याचा चहा. तीनदा भरून घेतला, मग म्हणाला, "नोल्फा, चिडू नकोस."

"चिडू नकोस म्हटलं की मी आधी चिडते, हे तुम्हाला माहीत आहे."

"अनुदान अडकलंय गं. मार्चअखेर हिशेब नीट गेला नाही तर यंदा पैसे नाहीत. भाडं कशाने भरायचं? हिवाळ्याआधी घराला कुलूप लावावं लागेल."

"मग?"

"मदतीला एक बाई पाहिलीय. शिकलेली आहे. तुझ्या हाताखाली राहील."

हाताखाली म्हणे! मार्चअखेरच्या सभेत नवीन खजिनदार निवडायचा असतो, तो दरवर्षी मीच असते. यंदा त्याच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळलं. चौथा माते मी त्याला दिला नाही.

१५ जानेवारी

आली बया. यानिना सोलिस, वाल्दिव्हियाची. नवरा सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला, बरेच दिवस पाण्यावरच असतो. पस्तिशीची असेल. हिरवी शाल, हसली की गालाला खळी. आल्या आल्या मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याबद्दल किती ऐकलंय मी!"

मावशी! माझी बहीण कधी वाल्दिव्हियाला गेली होती कोण जाणे.

दिवसभर माझ्यामागे मागे. चूल कशी पेटवता, ओलं लाकूड कसं ओळखता, मिल्काओच्या भाकरीत किसलेला बटाटा किती आणि उकडलेला किती. मी सांगितलं, अंदाजाने. आज मिल्काओची रीत विचारते, उद्या खुर्ची मागेल. एर्नाल्दो दोनदा डोकावून गेला. एरवी आठवड्यातून एकदा येतो. हिरवी शाल पाहायलाच आला असणार. तिच्याशी मात्र धड चार शब्द बोलला नाही. मलाच विचारत बसला, तुझा गुडघा कसा आहे, छपराचा पत्रा गळतोय का. आव कसा आणायचा ते पुरुषांना बरोबर जमतं.

२ फेब्रुवारी

काल रात्री संस्थेसाठी बिंगो झाला. मी सतरा वर्षं प्रार्थनेनंतर देवळाबाहेर मिल्काओ विकून पैसे उभे केले. हातांना किसणीचे व्रण आहेत माझ्या. आणि हिने शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, कुणाकडून मेंढी उकळली, कुणाकडून गॅसची टाकी, मच्छीमार संघाकडून नायलॉनचे दोर. बक्षिसं मांडून ठेवली आणि अख्खं गाव लोटलं. एका रात्रीत माझ्या वर्षभराच्या मिल्काओंपेक्षा जास्त जमलं. ती खुशीत मला म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी तुमचे मिल्काओ पण ठेवू या, लोक विचारत होते!" हे बोलणं गोड होतं की टोचणारं, ते मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. टोचणारंच होतं.

आकडे ओरडायला एर्नाल्दो होता. काय तो घसा! शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, "यानिनाला टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग म्हणाला, "आणि नोल्फाला, जिच्यामुळे हे घर आहे!" तेव्हाही वाजल्या. पण आधी कुणासाठी वाजल्या? माझा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन उरलेली भाकरी चिमण्यांसाठी बाहेर टाकली, मला खाववली नाही.

११ फेब्रुवारी

आज तिने मला समोर बसवलं. कोणी काय आणलं ते आठवतं का, म्हणाली. आठवतं का! मी चुलीकडे तोंड करून सगळं वर्ष म्हणून दाखवलं. मेउलिनच्या ओयार्सोंनी होडीभर लाकूड, केनाकच्या विधवेने दोन पोती बटाटे, अलाओच्या शिक्षकाने मध, अपियाओच्या क्लोरिंदाने वाळवलेलं समुद्रशेवाळ, छोटी पुरचुंडी. ती लिहून घेत होती आणि आ वासून बघत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ती बाजारभावाने एकेकासमोर पेसो लिहायला लागली. म्हणाली, नगरपालिकेला असंच लागतं, यातून संस्था स्वतः किती उभं करते ते दिसतं आणि अनुदान सुटतं. बेरीज आली तेव्हा मीच चकित झाले. माझ्या त्या एका ओळीत एवढं दडलं होतं.

तेवढ्यात तिने विचारलं, "मावशी, या सगळ्यांची एक सुंदर पाटी करून दर्शनी दाराला लावू या का? प्रत्येकाचं नाव आणि समोर रक्कम. लोकांना किती बरं वाटेल ना? वाल्दिव्हियाला आम्ही असंच करायचो. पण तुम्ही सांगा, इथे चालेल ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. खळी, शाल, हातात रंगाची डबी आधीच तयार.

म्हटलं, "लाव की. मोठ्या अक्षरांत लाव."

ती विचारते आणि मी उत्तर देते, यापलीकडे मी तिचं काही देणं लागत नाही. शिकलेली आहे ना? शिकेल.

२० फेब्रुवारी

पाटी लागली. अक्षर देखणं आहे, मान्य करते. कोपऱ्यांत बटाट्याची जांभळी फुलं काढली आहेत. सगळ्यांत वर ओयार्सो, नव्वद हजार पेसो. मग खाली खाली. सगळ्यांत शेवटी क्लोरिंदा चिग्वाय, दोन हजार.

एर्नाल्दोने पाटी वाचली, टोपी काढून डोकं खाजवलं, माझ्याकडे पाहिलं. "नोल्फा, हे तुला विचारून केलंय?"

"मला कोण विचारतं हल्ली?" मी म्हटलं. तो काहीतरी बोलणार होता, पण यानिना कॉफी घेऊन आली आणि तो गप्प बसला. तिच्यासमोर त्याला वाईट दिसायचं नव्हतं, दुसरं काय.

दुपारच्या लाँचने क्लोरिंदा आली. ती आणि मी अपियाओला एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना वाढलो. साखरेच्या आजाराने तिच्या पायाला जखम आहे, दर आठवड्याला मलमपट्टीला येते आणि रात्री आमच्याकडे राहते. मी खिडकीतून पाहिलं. ती दाराशी उभी राहिली. तिला वाचता येतं, शाळेत ती माझ्यापुढे होती. बोटाने एकेक नाव वरून खाली वाचत आली आणि शेवटच्यावर थांबली. मग शाल सारखी केली आणि धक्क्याकडे परत वळली.

मी हाक मारायला हवी होती. दूध उतू जात होतं.

संध्याकाळच्या लाँचवाल्याने सांगितलं, परत गेली, मलमपट्टीला पण गेली नाही.

४ मार्च

घरात एकच पलंग भरलाय, तोही पेरूहून आलेल्या एका मजुराचा. त्याला कुणाची नावं माहीत नाहीत, म्हणून निवांत झोपतो. बेटांवरून कुणी नाही. मागच्या दाराशी काहीही येत नाही. यानिना रोज सकाळी चादरी बदलते, न वापरलेल्या. आज तिने विचारलं, "मावशी, लोक कुठे गेले?"

"बटाटे काढायचे दिवस आहेत," मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

"सगळ्यांचे एकदम?"

मी खांदे उडवले. ती खिडकीशी जाऊन बसली, नखं कुरतडत. तिची नखं आता माझ्यासारखी झाली आहेत. बाजारात डाळवाली म्हणाली, "नोल्फा, तुझ्या काळात असं नव्हतं हो." या वाक्यासाठी मी दोन महिने वाट पाहत होते. घरी येईपर्यंत ते तोंडात घोळवत आले.

५ मार्च

आज पण कुणी नाही. सभेला तीन आठवडे आहेत. सगळे विचारतील हे कशाने झालं. मला काही बोलावं लागणार नाही.

१३ मार्च

लाँचवाला आज धक्क्यावर म्हणाला, "ती तुमची क्लोरिंदा, तिच्या घरातून वास येतोय म्हणतात."

"कसला वास?"

"पायाचा."

मी मासळीची पिशवी तिथेच विसरून आले. रात्री एर्नाल्दोच्या दारावर थापा मारल्या. त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "पहाटे माझ्या पुतण्याची लाँच घेतो. गरम काहीतरी घालून ये."

१४ मार्च

धुकं होतं. यानिनाही आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, शाल गुंडाळून धक्क्यावर आमच्या आधी हजर. लाँचमध्ये ती तोंड फिरवून ओकत होती, मी दुसऱ्या टोकाला बसले.

क्लोरिंदा चुलीपुढे पाय पाटावर ठेवून बसली होती. मला पाहून हसली. दार उघडल्याबरोबर वास आला आणि मला बाहेर जाऊन श्वास घ्यावासा वाटला. पायाची बोटं काळी झाली होती.

"अगं, आली का नाहीस?" मी ओरडले. "आठवडे किती झाले!"

"येणारच होते." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात खुंटीला एक कोकरू बांधलं होतं, पाय लटपटत होते त्याचे. "ते अजून लहान आहे. जरा अंगाने भरलं की घेऊन येणार होते. तुझ्याकडे इतक्या वेळा झोपले, जेवले, आणि शेवाळ आणून दिलं. मला कुठे माहीत होतं, त्याचे दोन हजारच होतात ते."

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"ओयार्सोंची सून मला देवळात म्हणाली, दोन हजारांत आचाओला महिनाभर राहता येतं होय? हसत म्हणाली. मी पण हसले. पण रिकाम्या हाताने परत तुझ्या दारात कशी येऊ, नोल्फा?"

यानिना माझ्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती गुडघ्यावर बसली आणि तो पाय दोन्ही हातांनी उचलून मऊ फडक्यात गुंडाळायला लागली. मी तिथे होते, लहानपणापासूनची मैत्रीण मी होते, आणि पाय तिने उचलला. हे इथे लिहून ठेवते कारण दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही.

१७ मार्च

क्लोरिंदाला लाँचने इस्पितळात आणलं, दोन बोटं काढली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर मलमपट्टी झाली असती तर हेही करावं लागलं नसतं.

एर्नाल्दोने हातोडीच्या मागच्या टोकाने पाटी उचकटली. फुलांची ती पाटी भिंतीला टेकवून तो निघून गेला. गेले काही दिवस तो माझ्याकडे माते प्यायला आलेला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात यानिना आणि मी दोघीच. तिने कप धुता धुता, पाठमोरीच विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना? लोकांना लाज वाटेल हे?"

मी किटली उचलली, पाणी भरायला बाहेर गेले. नळ घरातही आहे. ती पुन्हा विचारेल म्हणून बराच वेळ बाहेर उभी राहिले. परत आले तेव्हा तिने सगळे कप पुसून माझ्या रीतीने लावून ठेवले होते, कान उजवीकडे करून. ती गेली होती.

२२ मार्च

नगरपालिकेने हिशेब मंजूर केला. शिध्याची एकच एकत्र रक्कम, नावं नाहीत. तिनेच तसं नव्याने लिहून दिलं, दोन दिवस त्यांच्या दारात बसून पटवलं. अनुदान सुटलं. हिवाळाभर घर चालेल. मला हे काम सतरा वर्षांत एकदाही असं जमलं नसतं, आणि हे मी फक्त इथे लिहितेय.

२८ मार्च

सभा झाली. शाळेचा हॉल गच्च. बेटांवरूनही लोक आले होते, भिंतीला टेकून उभे, हाताच्या घड्या घालून. ओयार्सो उठून म्हणाला, "आमची नावं बाजारात मांडायची अक्कल कुणाची?" मागून कुणीतरी ओरडलं, "बाहेरची माणसं आणली की हेच होणार!" कुणी म्हणालं, "त्या बाईला काढा." एर्नाल्दो टेबल बडवत होता, त्याच्या आवाजालाही कुणी भीक घातली नाही.

ती आता म्हणणार, मी मावशींना विचारलं होतं. तिने म्हणायलाच हवं होतं, खरंच होतं ते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मला वाटलं तुला ठाऊक असेल, असं म्हणणार होते.

यानिना उठली. हिरवी शाल नव्हती आज. म्हणाली, "चूक माझी. नोल्फामावशींनी मला सांगितलं होतं, असं करू नकोस, इथल्या माणसांना लागेल. मी ऐकलं नाही. मला वाटलं मला जास्त कळतं. तुमची सगळ्यांची माफी मागते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

हॉलमध्ये एक सुस्कारा उमटला. मग कुणीतरी म्हणालं, "नोल्फा कशी सांगणार नाही! नोल्फा आपली आहे!" टाळ्या सुरू झाल्या. मला पुन्हा खजिनदार निवडलं, एकमताने, सगळे हात वर. बेटांवरची माणसं येऊन माझे हात हातात घेत होती. केनाकच्या विधवेने माझा गाल कुरवाळला. एर्नाल्दोने हात वर केला, पण तो माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होता की मी मान खाली घातली.

तीन महिने मला हेच हवं होतं. सगळं मिळालं.

२९ मार्च

पहाटेपासून झोप नाही. तिचा राग येतोय, इतका राग तिच्या बिंगोचा पण आला नव्हता.

कशी काय उभी राहिली ती? गावासमोर, शिव्या खात, माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिला खड्ड्यात ढकललं आणि ती खड्ड्यातून मला वर उचलते. हिशेबात पुढे गेली, बिंगोत पुढे गेली, क्लोरिंदाचा पाय उचलण्यात पुढे गेली, ते मी गिळलं. आता चांगुलपणातही पुढे? सतरा वर्षं या गावात चांगली बाई म्हटलं की माझं नाव निघायचं! आणि लोकांना अजूनही वाटतंय ते माझंच आहे. ते खोटं आहे हे ओळखणारी दोनच माणसं, मी आणि ती. मला ते सहन होत नाही. तिने माझं झाकून मला कायमची खाली ठेवलीय, आणि वर तिच्या मनातही नाही की तिने मला खाली ठेवलीय. तेच तर जळतंय.

सकाळी एर्नाल्दोकडे गेले. तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस.

"सभा पुन्हा बोलवा."

"काल तर झाली! अगं, तुला निवडलंय."

"बोलवा म्हणते ना. रविवारी, प्रार्थनेनंतर. बेटांवर निरोप पाठवा, सगळे हवेत. क्लोरिंदाला चाकाच्या खुर्चीतून मी स्वतः आणते."

"कशाला पण?"

"मला सांगायचंय त्यांना. तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मोठ्या अक्षरांत लाव."

त्याने वस्तरा खाली ठेवला. गालाचा फेस पुसला. मग त्याच्या नेहमीच्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाला, "मला ठाऊक होतं, नोल्फा. कधी सांगतेस याचीच वाट पाहत होतो. लोक तुला फाडून खातील, कळतंय ना?"

"खाऊ देत."

"खजिनदारपण जाईल."

"जाऊ दे. तिला द्या."

"एवढा पश्चात्ताप?"

"पश्चात्ताप कसला डोंबलाचा!" मी म्हटलं. "ती एकटी एवढी पुढे निघून गेलीय, आणि मी काय तिची पाठ बघत बसू? रविवारी गाठते तिला."